दोन नावांची आरोपी

संपादकांनी फोनवर सांगितलं, "वकिलीतले गमतीदार किस्से लिहा. दिवाळीत लोकांना जड काही नको असतं." मी लगेच हो म्हटलं. त्यानंतर लिहायला बसले आणि उठले, पुन्हा बसले आणि पुन्हा उठले. माझ्या पायाला भिंगरी आहे असं आमच्या घरात सगळे म्हणतात. दिल्लीत मयूर विहारच्या सोसायटीतल्या फ्लॅटमध्ये फेऱ्या मारायला जागा ती किती, तरी हॉल ते बाल्कनी असं माझं चालूच असतं. गमतीदार आठवायला घेतलं की एकच खटला आडवा येतो आणि तो काही धड गमतीदार नाही. त्याला वळसा घालून पुढे जाता आलं असतं तर केव्हाच गेले असते.

मी फरीदाबादच्या जिल्हा न्यायालयात दिवाणी वकिली केली. दिवाणी म्हणजे भाडेकरू, सामाईक भिंती, भावाभावांच्या वाटण्या. नव्वदच्या दशकात तिथे या कामाला तोटा नव्हता. आज ज्वारी-बाजरी उभी असलेल्या शेतात उद्या कुठल्या तरी सेक्टरचा फलक लागायचा, परवा प्लॉट विकले जायचे आणि तेरवा दोन खरेदीदार एकाच प्लॉटची कागदपत्रं घेऊन माझ्या टेबलापाशी भांडत उभे राहायचे. यमुनेपलीकडून चार्टर्ड बसने मी रोज जायची, आणि बसमध्ये जागा मिळाली तरी बसवत नसे.

चुकीच्या अटकेचे दावे माझ्याकडे आले ते माझ्या हुशारीमुळे नव्हे. दुसरं कुणी ते घेत नव्हतं. जामिनाचं काम फौजदारी वकील करतात. माणूस बाहेर आला की त्यांच्या दृष्टीने विषय संपतो. शिवाय त्यांना दुसऱ्या दिवशी त्याच ठाण्यात दुसऱ्या अशिलासाठी जायचं असतं, त्यामुळे ठाणेदाराशी वाकडं घेणं परवडत नाही. सुटून आलेल्या ज्या माणसाला "पण मला धरलं का?" एवढंच विचारायचं असतं, त्याला मग कुणीतरी माझं टेबल दाखवायचं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, चूक पोलिसांची आहे, पुरावा आहे, मग दावा लावायला काय हरकत? लावता येतो. पण दोन दारं असतात आणि दोन्हींना आतून कडी असते. पहिलं दार मॅजिस्ट्रेटचं. अटक केलेल्या माणसाला पोलीस त्यांच्यापुढे उभं करतात आणि ते कोठडी द्यायची की नाही ते ठरवतात. त्यांनी चुकून दिली, न वाचता दिली, जेवायची वेळ झाली म्हणून दिली, तरी न्यायदानाच्या कामात सद्भावनेने केलेल्या गोष्टीसाठी त्यांच्यावर दावा लावता येत नाही. यामागचं कारण मला पटतं. नाहीतर हरलेला प्रत्येक जण उठून न्यायाधीशालाच कोर्टात खेचेल आणि एकही न्यायाधीश निर्भयपणे निकाल देणार नाही. मला ते पटतं, म्हणूनच त्यावर चिडायची सोय नाही, आणि हे मला आजही नीट सहन होत नाही.

दुसरं दार पोलिसांचं. कर्तव्य बजावताना केलेल्या कामाला त्यांनाही संरक्षण असतं. फौजदारी खटला भरायचा तर सरकारची परवानगी लागते, दिवाणी दावा करायचा तर आधी नोटीस द्यावी लागते आणि मुदत तोकडी असते. माणूस तुरुंगातून येऊन धड श्वास घेतो तोवर ती संपत आलेली असते. एवढं करून दावा उभा राहिलाच, तर पोलीस सांगतात, "आम्ही फक्त पकडून आणलं, कोठडी तर कोर्टाने दिली." कोर्टाचं नाव निघालं की पहिल्या दाराची कडी.

तरीही लोक यायचे. पानिपतचे एक चादरींचे व्यापारी होते, साठीला आलेले. चोरीचा माल घेतल्याच्या खोट्या आरोपाखाली त्यांना भर बाजारातून जीपमध्ये घालून नेलं होतं. पुढे सगळं मिटलं. "दावा कशासाठी करायचाय?" मी विचारलं. म्हणाले, "वकील साहिबा, जैसे ले गए थे, वैसे ही छोड़ के जाएँ. वही जीप, वही बाज़ार, दिन के उजाले में." मला हसू आलं, पण त्यांना आलं नाही. नोटीस गेल्यावर तिथल्या ठाणेदाराने डोकं चालवलं. एका सकाळी खरोखरच जीप घेऊन गेला, त्यांना पुढच्या सीटवर बसवलं, बाजारातून हळूहळू फिरवून दुकानाशी सोडलं आणि सगळ्यांसमोर हात जोडले. व्यापाऱ्यांनी गल्लीभर पेढे वाटले आणि मला निरोप धाडला, केस मागे घ्या. कायद्याच्या पुस्तकात नसलेला हा निकाल मला फार आवडला होता. त्यामुळे पुढे वसुधा कर्णिकांनाही तसलाच तोडगा घ्या म्हणून मीच गळ घातली.

वसुधाताई फरीदाबादच्या एका नव्या सेक्टरमधल्या खासगी शाळेत गणित शिकवायच्या. यजमान ट्रॅक्टरच्या कारखान्यात इंजिनिअर. तिथल्या महाराष्ट्र मंडळात आमची तोंडओळख होती. बाई शांत, नीटनेटक्या, पण शब्दाला पक्क्या. त्या दोघांनी आयुष्यात पहिल्यांदाच एक धाडस केलं होतं, ते म्हणजे एका प्लॉटिंगवाल्या कंपनीकडे बायकोच्या नावाने प्लॉट नोंदवणं. कंपनी गाशा गुंडाळून पळाली. मालकांनी कितीतरी प्लॉट बोगस नावांवर दाखवले होते असं निघालं, म्हणून पोलीस नोंदणीचे अर्ज चाळायला लागले. त्यात त्यांना एक अर्ज सापडला. वर नाव वसुधा माधव कर्णिक. सोबत ओळखीसाठी जोडलेलं बी.एड.चं प्रमाणपत्र शैलजा वामन देशपांडे या नावाचं. फोटो एकाच बाईचा.

मराठी वाचकाला यात काहीच वाटणार नाही. लग्नात शैलजाची वसुधा झाली, वडिलांच्या नावाच्या जागी नवऱ्याचं आलं, देशपांड्यांची कर्णिक झाली. पण हरयाणातल्या इन्स्पेक्टरने तो कागद पाहिला आणि त्याला वाटलं, बोगस नावांची फॅक्टरी सापडली. एकाच बाईची दोन नावं, दोन आडनावं, बापही दोन. नोंदीत लिहिलं, शैलजा उर्फ वसुधा. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीतून त्यांना नेलं. पोरं जिन्यात डबे खात बसली होती, ती उठून बाजूला झाली.

मॅजिस्ट्रेटपुढे काय घडलं ते मला त्यांनीच सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी सांगत होते की लग्नात नाव बदललं. साहेब मान खाली घालून सही करत होते. म्हणाले, जो कहना है, अपने वकील से कहिए. माझ्याकडे वकील नव्हता. मी पुन्हा सांगायला गेले, तर पोलिसाने दंडाला धरून मागे ओढलं. संपलं."

काही दिवस कोठडीत गेले. मग खरे चोर, म्हणजे कंपनीचे मालक, जयपूरकडे सापडले, त्यांनी सगळं कबूल केलं आणि पोलिसांनी वसुधाताईंचं नाव वगळलं. वगळतानाच्या कागदावर शब्द होते, पुराव्याअभावी. त्या तो कागद घेऊन शाळेत गेल्या. मॅनेजर म्हणाला, "मैडम, इसमें तो लिखा है सबूत नहीं मिला. यह कहाँ लिखा है कि आपने किया नहीं? मुझे पेरेंट्स को जवाब देना होता है. कोर्ट से लिखवा लाइए कि अरेस्ट ही गलत थी, मैं कल से क्लास दे दूँगा."

त्यांना एवढंच हवं होतं, अटक चुकीची होती हे एक वाक्य, लिहिलेलं, कोर्टाचं. मी म्हटलं, भरपाईही मागू, नाहीतर कोर्टाला वाटेल हौस म्हणून आलोय. त्या म्हणाल्या, "नको. मग ते म्हणतील पैशासाठी केलं." मुदतीच्या आत नोटीस दिली आणि सरकार व इन्स्पेक्टर यांच्यावर दावा लावला. मॅजिस्ट्रेटना अर्थातच सोडून. साक्षीलाही त्यांना बोलावता येत नव्हतं. कुठल्या विचाराने सही केली असं न्यायाधीशाला विचारायचं नसतं.

आता गंमत ऐका. कोर्टात रूढीसुद्धा सिद्ध करावी लागते. लग्नात बायकोचं पाळण्यातलं नाव बदलतात, हे फरीदाबादच्या न्यायाधीशांना मान्य करायला लावायचं तर साक्षीदार हवा. मी मंडळाच्या गुरुजींना उभं केलं. धोतर, उपरणं, हातात पिशवी. त्यांनी छान सांगितलं. मग सरकारी वकील उठले.

"पंडितजी, यह किस शास्त्र में लिखा है?"

गुरुजी विद्वान आणि त्याहून वाईट म्हणजे प्रामाणिक. ते म्हणाले, "शास्त्र में कहीं नहीं है जी. हमारे उधर लोग करते हैं."

"मतलब मर्ज़ी की बात है? कोई करे, कोई न करे?"

"बिल्कुल."

सरकारी वकील माझ्याकडे बघून खाली बसले. मी गुरुजींकडे बघितलं. गुरुजी समाधानाने पिशवी सावरत होते.

मग इन्स्पेक्टरची उलटतपासणी. चौधरी नावाचा धिप्पाड माणूस, वागायला मात्र सभ्य. अख्ख्या खटल्यात एकदाही आवाज चढवला नाही. मी विचारलं, "दोन नावं का, हे तुम्ही बाईंना विचारलं होतं?"

"पूछा था जी. बोलीं, शादी में बदला."

"मग विश्वास का नाही ठेवला?"

"देखिए जी, सरनेम बदलता है, वो तो सुना है. पर नाम? नाम तो माँ-बाप का दिया हुआ होता है. वो कौन बदलता है?" मग अगदी साधेपणाने त्याने विचारलं, "वकील साहिबा, आपका भी बदला था क्या?"

कोर्टात हशा पिकला. न्यायाधीशांनी त्याला दटावलं, प्रश्न विचारायचे नाहीत म्हणून. माझंही बदललं होतं. माझं माहेरचं नाव घ्यायला तोवर आईशिवाय कुणी उरलं नव्हतं, आणि ते बदलायचं का असं कुणी मला विचारलंही नव्हतं, लग्नातही नाही. हा माणूस चुकला होता, त्याच्या चुकीपायी एका बाईची नोकरी गेली होती, आणि त्याचा प्रश्न मात्र बरोबर होता. मला त्याचा भयंकर राग आला. त्या दिवशी बस न धरता मी बराच रस्ता पायीच तुडवला.

त्यानंतर चौधरीने मध्यस्थामार्फत निरोप पाठवला. तो स्वतः वर्दीत शाळेत यायला तयार होता. मॅनेजरबरोबर चहा घेईल, सांगेल की चूक आमच्याकडून झाली, बाई निर्दोष आहेत. बदल्यात दावा मागे घ्यायचा. कागदावर काही नाही. मला पानिपतची जीप आठवली. मी वसुधाताईंच्या घरी गेले आणि उभ्याउभ्याच म्हटलं, "घ्या हे. उद्या नोकरी मिळेल. निकालाचा भरवसा मला नाही."

त्यांनी कणीक मळता मळता विचारलं, "आणि मॅनेजर बदलला की?"

"म्हणजे?"

"खासगी शाळा आहे, ज्योत्स्नाताई. दर दोन वर्षांनी मॅनेजर बदलतो. नवा आला की चौधरी पुन्हा चहाला येणार का? आणि मी दुसरीकडे अर्ज केला तर तिथेही येणार? कधी अटक झाली होती का असा रकाना असतो अर्जात. तिथे काय लिहू, एका इन्स्पेक्टरने चहा पिता पिता सांगितलं म्हणून?"

"अहो, पण हातातलं सोडून..."

"चुकलं हे त्यांना शाळेत म्हणता येतं, मग कोर्टात का नाही म्हणता येत?"

याला माझ्याकडे कायद्याचं उत्तर होतं. तिथे म्हटलं तर ते त्याच्या नोकरीवर येईल, आणि सरकार त्याला तसं म्हणू देणार नाही. ते मी दिलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पोळ्या लाटायला घेतल्या. कर्णिक दाराशी उभे होते. मी चडफडत निघाले, आणि खाली उतरेपर्यंत मला कळलं होतं की बाईंचं म्हणणं चूक नाही. पानिपतच्या व्यापाऱ्याला फक्त आपली गल्ली जिंकायची होती. या बाईंची गल्ली कुठे संपत होती तेच सांगता येत नव्हतं, रोज एक नवा सेक्टर निघत होता.

निकालानंतर आम्ही जे अपील केलं त्याचं काय झालं ते आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी एकच गोष्ट सांगायची उरेल. अपील दाखल झालं, तारखा पडत राहिल्या. वसुधाताईंनी घरीच गणिताच्या शिकवण्या सुरू केल्या. आधी दोन मुलं, मग दिवाणखान्यात सतरंजी अंथरायची वेळ आली. त्याच शाळेतली मुलं, त्याच पेरेंट्सनी पाठवलेली, ज्यांना म्हणे मॅनेजरला जवाब द्यायचा होता. अपील सुनावणीला आलं तेव्हा त्यांचं नोकरीचं वय निघून गेलं होतं. कोर्ट म्हणालं, आता यात काही शिल्लक राहिलेलं दिसत नाही. लोक मला समजावतात, बघ, शेवटी बाईंचं चांगलंच झालं. मला हे वाक्य ऐकवत नाही. त्यांनी शिकवण्या मागितल्या नव्हत्या.

तर खालच्या कोर्टाच्या निकालाचा दिवस. न्यायाधीश हिसारकडचे, कामाला वाघ, कुणाचं मिंधेपण न पत्करणारे. त्यांच्याबद्दल मी आजही वाईट बोलणार नाही. आम्ही पुढच्या रांगेत होतो. चौधरी भिंतीशी उभा होता, टोपी काखेत. न्यायाधीशांनी निकालातला शेवटचा भाग वाचला. सक्षम मॅजिस्ट्रेटने न्यायिक अधिकारात कोठडी दिली असल्यामुळे अटकेच्या योग्यायोग्यतेत हे न्यायालय शिरू शकत नाही. इन्स्पेक्टरने सद्भावनेने कर्तव्य बजावलं. दावा फेटाळण्यात येतो.

अटक बरोबर होती असं त्यात कुठे नव्हतं, चूक होती असंही नव्हतं. त्या प्रश्नाला हातच लावायचा नाही असं ठरवून एवढी पानं लिहिली होती, आणि कायद्याने बोट ठेवायला जागा नव्हती. मी असते तरी कदाचित तसंच लिहिलं असतं. हे मनात आलं आणि मला तिथे बसवेना.

न्यायाधीशांनी चष्मा काढला. वसुधाताईंकडे प्रथमच सरळ पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाले, "बहनजी, कानून की अपनी सीमा है. पर मैं मानता हूँ, आपके साथ गलत हुआ."

ते अगदी मनापासून बोलले, यात मला शंका नाही. एवढं बोलायचीही त्यांना गरज नव्हती.

वसुधाताई उठल्या. मी त्यांचा पदर ओढला, निकालानंतर बोलायचं नसतं. त्यांनी तो सोडवून घेतला. "साहब, बस यही लिख दीजिए. यही एक लाइन."

न्यायाधीशांच्या डाव्या हाताला टायपिस्ट बसला होता. त्याची बोटं यंत्रावर होती. त्याने वसुधाताईंकडे बघितलं, मग न्यायाधीशांकडे बघून थांबला. चौधरीने मान खाली घातली होती.

न्यायाधीशांनी चष्मा पुन्हा लावला. ते टायपिस्टला म्हणाले, "यह नहीं लिखना है." मग शिपायाकडे वळून, "अगला केस."

वसुधाताई क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. मला वाटलं, रडतील. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्या माझ्याकडे वळल्या तेव्हा डोळे कोरडे होते, चेहऱ्यावर नुसतं आश्चर्य होतं.

"ज्योत्स्नाताई," त्या म्हणाल्या, "म्हणजे या सगळ्यांना माहीत आहे."

पुढच्या केसचे वकील आमच्या खुर्च्या मोकळ्या व्हायची वाट बघत होते. मी कागद गोळा केले आणि आम्ही बाजूला झालो.